चिरस्थायी शांतता आणि मुंबई नगरी

शांतता हा शब्द मराठींत दोन अर्थांनीं चालतो. वर्गांत गुरुजींनीं टेबलावर छडी आपटली कीं जी पसरते तीहि शांतता, आणि दिवसभराचे श्रम संपवून माणूस घरच्या माणसांत बसला असतां त्याच्या मनाला जी लाभते तीहि शांतताच. पहिली बाहेरून लादलेली असते व छडी दूर होतांच मोडते. दुसरी आंतून उगवते. तिला पहारा लागत नाहीं. राष्ट्रांच्या आणि नगरांच्या इतिहासांत या दोहोंची गल्लत पुष्कळदां झालेली आहे, आणि त्या गल्लतीची किंमत रक्तानें द्यावी लागली आहे.

जर्मन तत्त्ववेत्ता कांट यानें १७९५ सालीं चिरस्थायी शांततेवर एक लहानसा ग्रंथ लिहिला. त्याचें नांव त्यानें एका डच खानावळीच्या पाटीवरून घेतलें होतें. पाटीवर अक्षरें होतीं 'चिरस्थायी शांतता', आणि चित्र होतें स्मशानाचें! मराठींतील 'स्मशानशांतता' या शब्दांत हाच उपहास भरलेला आहे. मेलेल्यांना शांतता सहज लाभते. जिवंत माणसांना ती कोणत्या अटींवर लाभेल, हा कांटचा प्रश्न होता. त्यानें घातलेली पहिलीच अट मोठी मार्मिक आहे. ज्या तहाच्या पोटांत पुढच्या लढाईचें कारण राखून ठेवलेलें असतें, तो तह नव्हे. ती केवळ दम खाण्याची सवड होय, असें त्याचें म्हणणें. ही कसोटी राजेरजवाड्यांच्या तहांना जशी लागू पडते, तशीच ती एका गल्लींत शेजारीं शेजारीं राहणाऱ्या दोन जमातींच्या समेटालाहि लागू पडते. मुंबई नगरीचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे; कारण गिरगांवच्या वाड्यांतून आणि परळ-लालबागच्या चाळींतून या प्रश्नाला निरनिराळ्या माणसांनीं निरनिराळीं उत्तरें दिलीं, व प्रत्येक उत्तराची परीक्षाहि याच शहरांत झाली.

त्या परीक्षेचा एक ठळक दिवस म्हणजे शुक्रवार, ता. ११ ऑगस्ट १८९३. काठेवाडांत प्रभासपाटण येथें मोहरमच्या वेळीं रक्तपात झाल्याच्या वार्ता मुंबईस येऊन पोंचल्या होत्या. गोरक्षणाच्या चळवळीवरून दोन्ही बाजूंचीं मनें तापलेलीं होतीं. त्या दिवशीं जुम्मा मशिदींतील नमाज आटोपल्यावर जमाव जवळच्याच हनुमान गल्लींतील देवळाकडे वळला आणि दंगलीला तोंड लागलें. पुढें गिरण्यांच्या भागांतील हिंदु कामगारहि तींत मोठ्या संख्येनें उतरले. लष्कर बोलवावें लागलें. सुमारें ७५ ते ८० माणसें मेलीं आणि दीड हजारांच्या घरांत लोक पकडले गेले. कांहीं दिवसांनीं रस्ते शांत झाले. अर्थात् छडीनें वर्ग शांत होतो तसे.

काळाचा योगायोग असा कीं, बरोबर एका महिन्यानें, म्हणजे ता. ११ सप्टेंबर १८९३ रोजीं, अमेरिकेंत शिकागो येथें सर्वधर्मपरिषद भरली. स्वामी विवेकानंद त्या परिषदेसाठीं ता. ३१ मे रोजीं मुंबईच्याच बंदरांतून निघाले होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकलेले वीरचंद राघवजी गांधी तेथें जैन धर्माचे प्रतिनिधि होते, आणि मुंबईचेच बी. बी. नगरकर हिंदुस्थानांतील सामाजिक सुधारणेविषयीं तेथें बोलले. एकीकडे मुंबईकर सातासमुद्रांपलीकडे धर्मांच्या सलोख्याचा विचार मांडीत होते, तर दुसरीकडे त्यांच्याच नगरींत दंगलीच्या जखमा अजून ओल्या होत्या. या विसंगतीला ढोंग म्हणून सोडून देणें सोपें आहे. पण त्यांत न्याय नाहीं. विचार खोटा नव्हता. तो ज्यांच्यापर्यंत पोंचावयास हवा त्यांच्यापर्यंत पोंचलेला नव्हता, एवढेंच.

हा विचार मुंबईंत कोठून आला हें पाहूं लागलें म्हणजे प्रथम परमहंससभेपाशीं थांबावें लागतें. १८४९ च्या सुमारास दादोबा पांडुरंग प्रभृति मंडळींनीं ही सभा स्थापिली. ईश्वर एक, मनुष्यजाति एक, हें तिचें सूत्र. सभासद जातिभेद न मानतां एकत्र जेवीत. परंतु तें गुप्तपणें, बंद दाराआड. १८६० च्या आसपास सभासदांचीं नांवें उघडकीस आलीं आणि सभा मोडली. येथें चिरस्थायी शांततेचा एक धडा आहे. बंधुभाव अंधारांत पाळला तर तो पाळणाऱ्याचें मन कदाचित् शुद्ध करील; पण शेजाऱ्याला त्याचा उपयोग नाहीं. जो सलोखा चारचौघांत सांगतां येत नाहीं, त्याच्यावर समाज उभा राहात नाहीं.

हें जाणूनच पुढची पिढी उघड्यावर आली. ता. ३१ मार्च १८६७ रोजीं दादोबांचे बंधु डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकारानें मुंबईंत प्रार्थनासमाजाची स्थापना झाली. पुढें महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्याचे आधारस्तंभ झाले. गिरगांवांत समाजाचें मंदिर उभें राहिलें व त्याच्यावरून त्या भागालाहि प्रार्थनासमाज हेंच नांव पडलें. या मंदिरांत मूर्ति नव्हती, पुरोहित नव्हता. तुकोबांचे अभंग मात्र होते. परमेश्वर हा सर्वांचा पिता, म्हणून माणसें हीं एकमेकांचीं भावंडें, हा या समाजाच्या शिकवणुकीचा गाभा. पिता एक आहे हें एकदां मनापासून पटलें कीं भावंडांतील वैर आपोआप ओसरेल, अशी या मंडळींची श्रद्धा होती. रानडे यांनीं १८९९ सालीं लखनौच्या सामाजिक परिषदेंत अकबराच्या काळाचा दाखला दिला, आणि हिंदु व मुसलमान यांनीं एकमेकांचा हात धरल्यावांचून या विशाल देशांत कसलीहि प्रगति शक्य नाहीं, असें स्पष्टपणें प्रतिपादिलें.

गिरगांवचें हें उत्तर उदात्त होतें, परंतु अपुरें होतें. समाजांत प्रवेश करणाऱ्यानें जात मोडलीच पाहिजे असा नियम नव्हता. रविवारच्या उपासनेंत माणसें भावंडें होत आणि सोमवारीं आपापल्या जातींत परतत. शिवाय मंदिरांत येणारे बहुतेक शिकलेले, पांढरपेशे. समाजानें कामगारांसाठीं रात्रीच्या शाळा काढल्या, ही त्याच्या कळकळीची साक्ष होय. तथापि चौदा चौदा तास सांच्यावर उभा राहणारा कामगार 'परमेश्वर आपला पिता आहे' हें ऐकून काय समजणार? ज्या घरांत एका भावाला पोटभर मिळतें आणि दुसऱ्याला शिळेंहि मिळत नाहीं, त्या घरांत पित्याचें नांव कितीहि गोड असलें तरी भांडण मिटत नाहीं.

परळच्या बाजूनें दुसरें उत्तर आलें तें याच जाणिवेंतून. जोतीराव फुले यांचा 'सार्वजनिक सत्यधर्म' हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १८९१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत त्यांनीं एक विलक्षण कुटुंब कल्पिलें आहे. घरांतील स्त्रीनें अभ्यास करून बौद्ध धर्म स्वीकारावा, पतीनें ख्रिस्ती व्हावें, कन्येनें इस्लाम पत्करावा, पुत्रानें सार्वजनिक सत्यधर्म मानावा. आणि तरीहि एकमेकांचा हेवा न करतां सर्वांनीं एका छपराखालीं प्रेमानें नांदावें. प्रार्थनासमाजाची कल्पना अशी कीं श्रद्धा एक झाली म्हणजे माणसें एक होतील. फुले यांनीं याच्या पुढें पाऊल टाकलें. श्रद्धा एक होण्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. त्या वेगळ्या राहूनहि घर एक राहूं शकतें, मात्र घरांत कोणी कोणाचा दास असतां कामा नये, असा त्यांचा आग्रह होता. शांततेची अट त्यांनीं देव्हाऱ्यांतून उचलून घराच्या व्यवहारांत आणून ठेवली.

त्यांचे अनुयायी नारायण मेघाजी लोखंडे यांनीं ही अट गिरणीच्या दारांत नेली. 'दीनबंधु' पत्राचे ते संपादक. १८८४ च्या सप्टेंबरांत परळच्या सुपारीबागेंत त्यांनीं गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारें साडेपांच हजार सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनपुढें ठेवला. आठवड्याची सुट्टी, दुपारीं अर्धा तास विश्रांति, वेळेवर पगार, अपघात झालेल्यास मदत, अशा त्यांतील मागण्या होत्या. ता. १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळूं लागली, ती याच खटपटीचें फळ. या मागण्यांत धर्माचा उल्लेख नाहीं. पण त्या मागतांना हिंदु कामगार आणि मुसलमान विणकर एका रांगेंत उभे राहूं शकत होते. म्हणूनच १८९३ च्या दंगलीनंतर लोखंडे यांनीं भायखळ्याच्या राणीच्या बागेंत सर्व जातिधर्मांच्या लोकांची ऐक्यसभा बोलाविली, तेव्हां तिला कांहीं अर्थ होता. लोकांनीं त्यांना आधीं आपल्या भाकरीसाठीं झटतांना पाहिलें होतें. सलोख्याचा उपदेश करण्याचा अधिकार असा मिळवावा लागतो. सरकारनें त्यांना पुढें रावबहादुर ही पदवी दिली. परंतु त्याहून मोठी गोष्ट ही कीं, १८९७ च्या फेब्रुवारींत प्लेगच्या रोग्यांची सेवा चालू असतांच त्याच रोगानें त्यांचा अंत झाला.

दंगलीच्या त्याच वर्षीं गिरगांवांत केशवजी नाईकांच्या चाळींत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, आणि पुण्यास लोकमान्य टिळकांनीं या उत्सवाला चळवळीचें रूप दिलें. उत्सवानें निरनिराळ्या जातींचे हिंदु एका मांडवाखालीं आले. व्याख्यानें झालीं, मेळे निघाले, लोकजागृतीचें मोठें साधन निर्माण झालें. हा लाभ नाकारतां येणार नाहीं. तथापि त्या पहिल्या कांहीं वर्षांत मोहरमच्या ताबुतांत भाग घेणारे हिंदु त्यांतून दूर झाले, हीहि तितकीच खरी गोष्ट आहे. एका अंगणांत ऐक्य वाढत असतां दोन अंगणांमधली वाट बुजत गेली. पुढें १९१६ सालीं लखनौ येथें हिंदु-मुसलमानांचा करार घडवून आणण्यांत टिळकांनींच मोठा भाग घेतला. ही बुजलेली वाट पुन्हा उघडल्याखेरीज राष्ट्राचें पाऊल पुढें पडणार नाहीं, हें त्या मुत्सद्द्यानें ओळखलें होतें.

गिरगांवचा विचार आणि परळचें दुःख यांना जोडणारा पुरुष म्हणजे विठ्ठल रामजी शिंदे. प्रार्थनासमाजाच्या प्रचारकार्यासाठीं ते विलायतेस गेले. १९०१ ते १९०३ या काळांत ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजांत त्यांनीं तौलनिक धर्मशास्त्राचा अभ्यास केला. तो अभ्यास करून आलेला हा विद्वान् ग्रंथालयांत रमला नाहीं. ता. १८ ऑक्टोबर १९०६ रोजीं न्यायमूर्ति नारायण गणेश चंदावरकर यांच्या अध्यक्षतेखालीं त्यांनीं अस्पृश्यांच्या उन्नतीसाठीं मंडळी स्थापिली व तिची पहिली शाळा परळ भागांत उघडली. सर्व धर्मांचें सार एक आहे असें म्हणणाऱ्यानें आपल्या धर्मानें ज्यांना दारांतहि उभें केलें नाहीं त्यांच्या दारीं आधीं जावें, हा शिंद्यांचा दंडक होता.

यानंतरची परीक्षा १९२१ सालीं झाली. त्या वर्षाच्या ३१ जुलै रोजीं परळ येथें महात्मा गांधींच्या हस्तें विदेशी कापडाची मोठी होळी झाली. हिंदु-मुसलमानांचें ऐक्य तेव्हां कळसास पोंचलेलें दिसत होतें. ता. १७ नोव्हेंबर रोजीं इंग्लंडचे युवराज मुंबईस उतरले. त्यांच्या स्वागतावर बहिष्कार होता. आणि स्वागतास गेलेल्या पारशी, ख्रिस्ती व अँग्लो-इंडियन लोकांवर जमाव तुटून पडला. उलट बाजूनेंहि प्रहार झाले. ५० हून अधिक माणसें दगावलीं. हल्ला करणाऱ्यांत हिंदु आणि मुसलमान बरोबरीनें होते! दोघांचें ऐक्य तिसऱ्याच्या अंगावर उलटलें. गांधीजींनीं ता. १९ पासून उपवास धरला आणि सर्व जमातींचे पुढारी एकत्र येऊन शहर निवळल्यावर ता. २२ रोजीं तो सोडला. कोणाच्या तरी विरोधासाठीं जुळलेली मैत्री ही शांतता नव्हे, हें त्या पांच दिवसांनीं शिकविलें. उपवासानें लोकांना लाज वाटली, आणि लाज ही पोलिसांच्या काठीहून अधिक खोल जाते. परंतु एका महात्म्याच्या प्राणावर शहराची शांतता टांगून ठेवणें हा नित्याचा उपाय होऊं शकत नाहीं.

परळच्या चाळींत राहूनच डॉ. भीमराव आंबेडकर यांनीं या प्रश्नाचा विचार केला. ता. ९ मार्च १९२४ रोजीं परळच्या दामोदर हॉलमध्यें त्यांनीं बोलाविलेल्या सभेंतून त्याच वर्षीं बहिष्कृत हितकारिणी सभा जन्मास आली. ज्यांना पाणवठ्यावर पाणी भरूं दिलें जात नाहीं त्यांना शांत रहा म्हणून सांगणें याचा अर्थ अन्याय चालूं द्या असा होतो, हें त्यांच्या सर्व चळवळीचें मर्म होतें. ता. २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटनासमितींत त्यांनीं बजाविलें कीं, राजकारणांत समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनांत विषमता असा विरोध फार काळ राहिला, तर ज्यांना ती विषमता सोसावी लागते ते लोकशाहीची ही इमारतच उडवून देतील. कांटच्या भाषेंत सांगावयाचें तर पुढच्या लढाईचें कारण पोटांत ठेवून केलेला हा तह ठरेल. ता. ३ ऑक्टोबर १९५४ रोजीं आकाशवाणीवरून बोलतांना त्यांनीं आपलें तत्त्वज्ञान थोडक्यांत मांडलें. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता हीं तीन तत्त्वें आपण फ्रेंच राज्यक्रांतींतून घेतलीं नसून आपले गुरु बुद्ध यांच्या शिकवणुकींतून घेतलीं, असें त्यांनीं सांगितलें. कायदा स्वातंत्र्याचें व समतेचें रक्षण करतो, पण कायदा मोडतां येतो; म्हणून खरें रक्षण बंधुतेंत आहे, आणि बंधुतेचेंच दुसरें नांव धर्म, असा त्यांचा निष्कर्ष होता. न्यायावांचून बंधुता ही थट्टा होय, आणि बंधुतेवांचून न्याय हा केवळ बंदोबस्त होय. गिरगांवचा पिता आणि परळची भाकरी हीं दोन्हीं येथें एका विचारांत गुंफलीं गेलीं.

त्यांचें महापरिनिर्वाण ता. ६ डिसेंबर १९५६ रोजीं झालें. दादरच्या चैत्यभूमीवर दर वर्षीं त्या दिवशीं लक्षावधि लोक येतात. १९९२ सालीं त्याच तारखेस अयोध्येंत बाबरी मशीद पाडली गेली, आणि मुंबई पुन्हा पेटली. डिसेंबर व जानेवारी मिळून ९०० माणसें मृत्युमुखीं पडलीं. न्यायमूर्ति श्रीकृष्ण यांच्या चौकशी आयोगानें त्यांत ५७५ मुसलमान व २७५ हिंदु असल्याची नोंद केली. १८९३ च्या दंगलीस तेव्हां शंभर वर्षें होत होतीं. ज्या शहरानें लोखंडे पाहिले, रानडे ऐकले, गांधींचा उपवास पाहिला आणि आंबेडकरांना खांद्यावरून नेलें, त्याच शहरांत हें घडलें. मग हे सारे विचार वांयां गेले काय?

वांयां गेले नाहींत. पण विचार वारशानें मिळत नाहीं, हें मात्र सिद्ध झालें. बापानें केलेलें घर मुलाला मिळतें, बापाचें मोठें मन मिळतेंच असें नाहीं. तें प्रत्येक पिढीला नव्यानें घडवावें लागतें. पुढील काळांत मुंबईंत मोहल्ला समित्या निघाल्या. माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, पोलीस आयुक्त सतीश सहानी आणि सुशोभा बर्वे यांच्यासारख्या माणसांनीं त्यांत पुढाकार घेतला. त्यांची रीति साधी आहे. वस्तींतील हिंदु, मुसलमान व पोलीस यांनीं भांडण नसतांना भेटत राहावें, म्हणजे अफवा उठली तर विचारावयास ओळखीचा माणूस असतो. नळाचें पाणी, गटार, उत्सवाची मिरवणूक, असल्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींची बोलणीं तेथें होतात. तत्त्वज्ञान म्हणून यांत कांहीं नवें नाहीं. परंतु घर बांधणारा गवंडीहि रोज नवें कांहीं करीत नाहीं.

आणि हें फार जुनेंहि आहे. मुंबईच्या उत्तरेस सोपारें येथें १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट् अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सांपडला. कलिंगच्या संहारानंतर पालटलेल्या त्या राजानें या लेखांत असें कळविलें आहे कीं, पूर्वींचे राजे शिकारीच्या विहारयात्रा करीत; आपण त्या सोडून धर्मयात्रा आरंभिल्या आहेत, आणि त्यांत साधु, ब्राह्मण, वृद्ध व खेड्यापाड्यांतील लोक यांच्या भेटी घेऊन धर्माची चर्चा होते. त्याचाच बारावा लेख सांगतो कीं, आपल्या पंथाची अवाजवी स्तुति आणि दुसऱ्याच्या पंथाची निष्कारण निंदा करूं नये; जिव्हेवर संयम असावा. लोकांस जाऊन भेटणें आणि जीभ आवरणें, या दोन अटी बावीसशें वर्षांपूर्वीं दगडांत कोरल्या गेल्या होत्या.

तात्पर्य, चिरस्थायी शांततेची अट एक नाहीं, चार आहेत. बोलण्यांत संयम, भाकरींत न्याय, मनांत बंधुभाव, आणि हे तिन्ही उघड्यावर, रोजच्या व्यवहारांत पाळण्याचा नेम. यांतील एक ढिली झाली तरी उरलेल्या तिन्हींवर भार पडतो. गिरगांवच्या मंदिरानें एक दिली, सुपारीबागेंतील सभेनें दुसरी, परळच्या दामोदर हॉलनें तिसरीला अर्थ दिला. चौथी मात्र कोणत्याहि थोर पुरुषास देतां आली नाहीं, कारण ती देणें त्याच्या हातीं नव्हतें. ती ज्याची त्यानें आपल्या चाळींत, आपल्या जिन्यावर, शेजाऱ्याच्या उंबरठ्यावर पाळावयाची असते. दंगल ही एका दिवसांत भडकते, परंतु तिच्यासाठीं लागणारें सरपण वर्षानुवर्षें घरोघर सांठत असतें. तें सांठूं न देणें हेंच शांततेचें खरें काम. आणि तें शांततेच्या दिवसांतच करावयाचें असतें.